गुरुजींची हनुवटी

पुंडलिक गुरुजींचा एकही फोटो पुंडलिक गुरुजींचा नव्हता, ही गोष्ट त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला नऊ दिवस उरले असताना उघडकीला आली.

त्याला निमित्त झाला सुजीत. गुरुजींनी ज्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला, त्याच शाळेचा तो आता मुख्याध्यापक होता, आणि लहानपणी गुरुजींच्या हातचा मार खाल्लेला असल्यामुळे त्याला गुरुजींविषयी नितांत आदर होता. संध्याकाळी तो बोईसरजवळच्या माहीम गावातल्या त्यांच्या घरी आला, ओट्यावर बसला, चहा बशीत ओतला आणि गुरुजींच्या लेकीला, उन्नतीला म्हणाला, "दालन तयार झालं बघ. रंग कालच वाळला. 'पुंडलिक गुरुजी चरित्र दालन'. भिंतीवर सहा थोर माणसं आणि मधोमध गुरुजी. थोर कोण घ्यायचे, तर गुरुजींनी आपल्याला जे शिकवले तेच सहा. त्यांची यादी बोईसरला भावेश फोटोवाल्याकडे देऊन आलोय. फोटो तेवढे त्याला पाठवायचे राहिलेत. मतदारयाद्यांच्या कामानं जीव खाल्लाय नुसता. तू आपला गुरुजींचा एक चांगलासा फोटो भावेशकडे दे. पुण्यतिथीला शिक्षणखात्याचे साहेब येतायत उद्घाटनाला."

"देते की," उन्नती म्हणाली. त्यात काय मोठंसं, असं तिला वाटलं.

उन्नती बोईसरच्या एका औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. आलेला नमुना तपासायचा आणि त्यावर 'योग्य' किंवा 'अयोग्य' असा शिक्का मारायचा, हे तिचं काम. पंधरा वर्षांत तिचा एकही शिक्का चुकला नव्हता. त्या संध्याकाळी आई, म्हणजे जमुनाबाई, आणि ती अशा दोघींनी माळ्यावरची ट्रंक खाली घेतली, तेव्हाही तासाभरात एक 'योग्य' फोटो निघेल, असाच तिचा हिशेब होता.

आधी निघाला लग्नाचा आल्बम. समुद्राच्या खाऱ्या हवेत पंचेचाळीस वर्षं काढलेल्या त्या आल्बमात कसर शिरली होती, आणि कसरीने मोठ्या चोखंदळपणे फक्त नवरदेव खाल्ला होता. जमुनाबाई मुंडावळ्यांसकट शाबूत होत्या.

"मी तवाच सांगितलेलं, डांबरगोळ्या घाला," आई म्हणाली. "म्हणे, वासानं आठवणी बिघडतात."

घरातल्या बाकीच्या बारशा-मुंजींचे फोटो होते, पण ते काढायला कॅमेरा गुरुजींच्याच हातात असे. एका बारशात ते आले होते खरे, पण पाळण्यावर पडलेल्या सावलीच्या रूपाने. राहता राहिलं आधार कार्ड. ते गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशातून दोनदा धुण्यात गेलं होतं आणि त्यांचा नाकाखालचा चेहरा साबणाबरोबर वाहून गेला होता. उरलेले डोळे असे होते, की वाटावं, इंग्रज सरकारने या इसमाला नुकतंच पकडून आणलंय. वर्षभर त्याचीच मोठी झेरॉक्स टीव्हीशेजारी होती, आणि आई दिवा लावताना तिच्याकडे न बघता लावत असे.

ट्रंकेच्या तळाशी मात्र एक जाड पाकीट निघालं. त्यात शाळेतले मोठे, चकचकीत, रंगीत फोटो होते. उन्नतीने पहिला उचलला. पांढरीशुभ्र दाढी, डोक्यावर उंच पारशी पगडी. मागे लाल शाईत गुरुजींचं अक्षर : 'दादाभाई नौरोजी'.

दुसरा उचलला. पुन्हा दाढी, गोल टोपी. 'महर्षी कर्वे'. तिसरा : 'न्यायमूर्ती रानडे'.

"यात माझा नवरा कुठाय?" आईने विचारलं.

प्रश्न रास्त होता. गुरुजी इतिहास शिकवत नसत, इतिहास होऊन येत. सोमवारी वर्गात शिरत ते नाना शंकरशेट म्हणून, आणि घंटा होईपर्यंत 'मी' म्हणजे नाना. मुलांनी विचारायचं आणि थोर माणसाने उत्तर द्यायचं. मुलं कोळ्यांची आणि वाडीवाल्यांची. त्यांना पुस्तकातलं विचारण्यात रस नसे. "काय ओ रानडे, तुमच्या घरी भांडी कोन घासतं?" असं कुणी विचारलं, की न्यायमूर्ती जरा विचार करत आणि म्हणत, "ठाऊक नाही. वाचून उद्या सांगतो." आणि खरंच वाचून सांगत. थोर माणसाला 'ठाऊक नाही' म्हणायची लाज वाटत नाही, हा त्यांचा पहिला धडा होता.

या पद्धतीचे परिणाम परीक्षेत दिसत. एका वर्षी सबंध वर्गाने पेपरात लिहिलं, 'दादाभाई नौरोजी यांच्या सायकलची चेन नेहमी पडे.' तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने गुरुजींकडे लेखी खुलासा मागितला. गुरुजींनी खुलासा दिला : 'चेन दुरुस्त केली आहे.'

निवृत्तीच्या समारंभालाही ते कर्व्यांच्या वेषात गेले. "मला निरोप नको, यांना द्या," म्हणाले. "हे शंभरी ओलांडून गेले, यांना सवय आहे निरोपांची." त्यामुळे तोही फोटो कर्व्यांचाच.

उन्नतीने सहाही फोटो चटईवर ओळीने मांडले आणि प्रयोगशाळेतल्या नजरेने तपासले. दादाभाई, कर्वे आणि गाडगेबाबा या तिघांना दाढी. रानडे भरल्या अंगाचे, म्हणून किडकिडीत गुरुजींनी पोटाला उशी बांधली होती आणि गालांत कापूस कोंबला होता. नाना शंकरशेटांच्या फोटोत पागोट्याच्या सावलीतून तेवढं नाक बाहेर आलं होतं. आणि डॉक्टर आनंदीबाई जोशींनी, मिशी दिसू नये म्हणून, हातातलं वैद्यकीचं पुस्तक डोळ्यांच्या खालपर्यंत उचलून धरलं होतं.

"माझं लुगडं," आई म्हणाली. "विचारलं पन नाय नेताना."

सहांपैकी पाचांच्या मनगटावर एकच एचएमटीचं घड्याळ होतं. गाडगेबाबांनी तेवढं काढून ठेवलेलं दिसत होतं.

उन्नती हसली आणि मग सहाही चेहरे पुन्हा एकेक करून बघू लागली. वर्षभर तिची हीच अडचण होती, पण ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. वडिलांचा चेहरा आठवायला जावं, तर तो कुणाचं तरी पागोटं घालूनच यायचा. एक साधा, उघडा चेहरा मिळाला असता, तर तिला तो शाळेच्या भिंतीआधी स्वतःसाठी हवा होता.

पाकिटाखाली एक दोनशे पानी वही होती. वर लाल शाईत लिहिलं होतं : 'चुकलेली उत्तरे'. तिने ती उघडली, पहिल्याच ओळीवरचं वडिलांचं ते तिरकं अक्षर पाहिलं, आणि मिटून ऑफिसच्या पिशवीत टाकली. नंतर बघू.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर ती भावेशकडे गेली. बोईसर स्टेशनजवळचं भावेशचं दुकान म्हणजे औद्योगिक वसाहतीचं प्रवेशद्वारच. कंत्राटी कामावर लागणाऱ्या प्रत्येक माणसाला गेटपासला फोटो लागतो, आणि तो फोटो भावेश काढतो. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक निळा कोट होता. गेल्या दहा वर्षांत बोईसरला कामाला आलेली निम्मी माणसं तो कोट घालून गेली होती.

"टेन्शन नका घेऊ, उन्नतीबेन," पाकीट बघून भावेश म्हणाला. "डोळे आधारवरून घेऊ. नाक ह्या पागोटावाल्याचं. कपाळ ह्या बाबांचं. बाकी एआय करेल. आजकाल तर तो मेलेल्या मानसाला पन हसवतो." मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि त्याने घाईघाईने चहा मागवला.

चहा येईपर्यंत पडद्यावर एक गृहस्थ उगवले. चाळिशीचे, गुलाबी गालांचे, निळ्या कोटातले. दात इतके शुभ्र, की टूथपेस्टच्या जाहिरातीत चालून जातील.

"हे माझे वडील नाहीत," उन्नती म्हणाली.

"दाढी काढली तर आतून हेच निघाले, बेन."

"माझ्या वडिलांचा एक दात पडलेला होता. आणि कोट त्यांनी जन्मात घातला नाही. आणि ही हनुवटी तर सिनेमातल्या माणसाची आहे."

"तोच तर प्रॉब्लेम आहे ना," भावेश खुर्ची फिरवून म्हणाला. "हनुवटी कुठेच नाय. तीनमधे दाढी, एकमधे कापूस, एकमधे अंधार, एकमधे चोपडी. मशीनला जे माहीत नाय ते तो स्वतःच्या मनानं टाकतो. तुमच्या घरात कोनाची सेम हनुवटी आहे? लाइव्ह घेऊ."

उन्नतीची हनुवटी आईवर गेली होती. पण गुरुजींची थोरली बहीण, गोदूआते, एडवणला होती, आणि दोघा भावंडांचा चेहरा डोळ्यांखाली एका साच्यातून काढल्यासारखा आहे, असं सगळेच म्हणत. गुरुवारी उन्नती तिला रिक्षाने बोईसरला घेऊन आली. गोदूआतेचं वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, आणि हातात सुक्या बोंबलांची पिशवी. कुणाकडे मोकळ्या हाताने जायचं नाही, हा तिचा नेम होता. भावेशच्या काचेच्या टेबलावर तिने ती पिशवी ठेवली, तेव्हा वातानुकूलित दुकानातली दोन गिऱ्हाईकं बाहेर जाऊन उभी राहिली.

"कापशील नाय ना रं?" आतेने विचारलं.

"नाय आजी. फक्त फोटो."

"माझा फोटू आजवर कुनी काडला नाय. सरकारानं काडला तो सोडून. आनि तो मना दावला पन नाय धड."

"आजी, हसू नका. तोंड बंद. हनुवटी वर."

"किती वर? माझा भाव कवा एवडी मान वर करून उभा नव्हता. खाली बघून चालायचा तो, चेन पडली का बघत."

हनुवटी मिळाली. पण त्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. "ते मी काढतो," भावेश म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

शुक्रवारी संध्याकाळी उन्नतीच्या फोनवर चित्र आलं. ती तेव्हा शिफ्टच्या बसमध्ये होती. चित्रात आधार कार्डाचे घाबरलेले डोळे होते, नाना शंकरशेटांचं नाक होतं, गाडगेबाबांचं कपाळ होतं आणि खाली आते होती. कोट मात्र काढला होता. तिने ते जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं. पंधरा वर्षं शिक्का मारणाऱ्या तिच्या हाताला आता 'योग्य'ही म्हणवेना आणि 'अयोग्य'ही. 'हे ते नाहीत' असं तिला खात्रीने म्हणता आलं नाही, आणि तेच तिला अधिक लागलं. भावेशने विचारलं होतं, 'फायनल?' तिने लिहिलं, 'ठीक आहे.' आईला तिने ते दाखवलं नाही.

शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव होता. जुने विद्यार्थी आले होते, बायका आल्या होत्या, आणि त्या दिवशी बरेचसे नाखवेही बोटी किनाऱ्याला ठेवून इस्त्रीचे शर्ट घालून बसले होते. भावेशचा टेम्पो रेल्वे फाटकात अडकल्यामुळे साडेनऊला पोचला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सात चौकटी आठवीच्या मुलांनी उतरवल्या, मागे लिहिलेली नावं वाचून यादीप्रमाणे भिंतीवर टांगल्या आणि सुजीतने सांगून ठेवल्याप्रमाणे प्रत्येकीवर पिवळा पडदा सोडला. सुजीत स्वतः गुलाबाचं फूल घेऊन फाटकाशी साहेबांची वाट बघत होता.

साहेब आले. उंच, सावकाश बोलणारे, चष्मा पुसून पुन्हा घालणारे. फीत कापून सगळे दालनात शिरले. दारात आणि खिडक्यांत गर्दी झाली. सुजीतने पहिली दोरी ओढली. नाना शंकरशेट. साहेबांनी हार घातला, हात जोडले. दुसरी दोरी. दादाभाई नौरोजी. साहेबांनी हार घातला, पण हात जोडताना जरा रेंगाळले. तिसरी दोरी ओढली गेली, न्यायमूर्ती रानडे फुगल्या गालांनी प्रकट झाले, आणि साहेबांचा हार हातातच राहिला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. रानड्यांच्या मनगटाकडे पाहिलं. मागे जाऊन दादाभाईंच्या मनगटाकडे पाहिलं.

"मुख्याध्यापक," ते हळूच म्हणाले, "हे सगळे एकाच घरातले होते का?"

सुजीतने वर पाहिलं आणि त्याच्या हातातलं ताम्हन खाली आलं. घाबरून त्याने थोरांच्या उरलेल्या तीनही दोऱ्या एकदम ओढल्या. लपवायचं ते उघडं करायची ही तऱ्हा लहानपणापासूनची होती. कर्वे प्रकट झाले. गाडगेबाबा प्रकट झाले. डॉक्टर आनंदीबाई पुस्तकावरून साहेबांकडे रोखून बघू लागल्या.

"भावेश!" सुजीतचा आवाज चिरकला. "थोरांचे फोटो कुठायत?"

"हे काय, सर," भावेश पुढे झाला. "तुम्हाला मी फोन केला होता ना, फोटोचं काय म्हणून? तुम्ही बोलला, उन्नतीनं दिलंय ना, तेच लाव. बेननं सहा दिले होते, मागे नावं, यादीत पन सेम सहा. मी लावले. मला वाटलं, गुरुजींच्या दालनात सगळे गुरुजीच पाहिजेत."

सुजीतला तो फोन आठवला. तेव्हा तो एका घराच्या दारात मतदार मोजत उभा होता आणि घरातलं कुत्रं त्याला मोजत होतं. फोटो म्हणजे गुरुजींचा एक फोटो, असं तो समजला होता.

तोवर खिडकीतून आवाज आला, "अरे, हे तर आपले दादाभाई!"

"आनि ते रानडे! मला ओणवं उभं केलेलं ना, ते हेच रानडे!"

"माझ्या कानफटीत कर्व्यांनी दिलेली. डाव्या हातानं. घड्याळ लागलेलं बग, हितं."

गर्दी आत घुसली. चाळीस-पन्नास वर्षांचे बाप्ये चौकटींपुढे उभे राहून थोर पुरुषांशी जुने हिशेब काढू लागले. जमुनाबाई आनंदीबाईंपाशी गेल्या आणि लुगड्याचा काठ निरखून मैत्रिणीला म्हणाल्या, "बग, नवंच होतं."

साहेबांचा चेहरा मात्र कागदासारखा कोरा होता. "आणि हे सातवे?" त्यांनी विचारलं. "हे तरी गुरुजी आहेत ना?"

सातवा पडदा अजून तसाच होता. तो ओढायला उन्नतीला पुढे बोलावलं. तिला वाटलं, आता पळून जावं. पण दारात नाखवे उभे होते. तिने दोरी ओढली.

सगळे बघत राहिले. खिडकीतून कुणी काही ओरडलं नाही. ज्या माणसाला दाढी लावून, उशी बांधून, लुगडं नेसवूनही अख्ख्या गावाने ओळखलं होतं, त्याला उघड्या चेहऱ्याने कुणी ओळखेना.

"हे कोण?" साहेबांनी जमुनाबाईंना विचारलं.

जमुनाबाईंनी नीट निरखून पाहिलं. "मी नाय वळखत," त्या म्हणाल्या. "खात्याचे असतील कुनी."

"हनुवटी माझी हाय," गोदूआते मागून म्हणाली.

खरंच होती. भावेशने तीन ठिपक्यांतले दोनच पुसले होते. तिसरा हिरवा ठिपका गुरुजींच्या हनुवटीवर मधोमध दिमाखात बसला होता.

प्रथम एक पोरगी हसली, मग बायका, मग नाखवे, आणि मग छपरावर पाऊस पडावा तसं सगळं दालन हसू लागलं. उन्नतीच्या कानशिलांत ऊन भरलं. आज कुठे एक वर्ष होतंय, आणि वडिलांचं हे असं हसं आपण केलं. साहेबांनी हात वर केला. "गुरुजींच्या कन्या दोन शब्द बोलतील," ते म्हणाले. पत्रिकेत तसं छापलेलंच होतं.

तिने पिशवीत हात घातला. तीन दिवस खपून लिहिलेलं भाषण घरी टेबलावर राहिलं होतं. हाताला लागली ती दोनशे पानी वही. दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तिने ती उघडली आणि आवाज जमेल तेवढा सरळ ठेवून वाचायला लागली.

"'चुकलेली उत्तरे. दादाभाई नौरोजी यांच्या सायकलची चेन नेहमी पडे. मग ते हात पायजम्याला पुसत व घरी बोलणी खात.'"

"खरंय," जमुनाबाई म्हणाल्या.

"'न्यायमूर्ती रानडे यांना सुके बोंबील फार आवडत. कुणाच्या डब्यात असले तर ते मागत नसत, फक्त बघत.' 'गाडगेबाबा शाळा सुटल्यावर खरोखर झाडू मारत, कारण शिपाई रजेवर असे.' 'महर्षी कर्वे यांच्या पत्नीचे नाव जमुनाबाई. महर्षी जगात कुणाला भीत नसत. त्यांना भीत.'"

हशा झाला, पण तो मघासारखा नव्हता. उन्नतीने पान उलटलं.

"'नाना शंकरशेट हे देवूचा बाप वादळातून परत येईपर्यंत देवूच्या घरी दोन दिवस बसून होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी देवूच्या आयला चहा करून दिला. तो फार गोड झाला होता.'"

दारातल्या नाखव्यांपैकी एकाने टोपी काढून हातात घेतली. तो आता पन्नाशीचा होता. देवूच होता तो.

"'डॉक्टर आनंदीबाई जोशी यांना एक मुलगी होती. ती आमच्याच शाळेत दोन वर्ग खाली होती. आनंदीबाई लुगडं नेसून आल्या म्हणून तिला सगळे हसले व ती रडली. म्हणून आनंदीबाई दुसऱ्या दिवशी पण लुगडं नेसून आल्या व तिच्या बाकावर जाऊन बसल्या. मग कुणी हसलं नाही.'" उन्नती थांबली. हे ती साफ विसरली होती. गुरुजींनी ज्याच्या पेपरातून हे उत्तर उतरवून घेतलं, त्या मुलाचं नाव खाली होतं. "'सुजीत, सातवी ब.'"

सुजीत छताकडे बघू लागला. छतावर नवीन रंगाखेरीज काही नव्हतं.

"गुण किती दिले?" साहेबांनी विचारलं. खात्याचा माणूस, गुण विचारल्यावाचून त्याला राहवेना.

उन्नतीने समासातली लाल शाई वाचली. "प्रत्येकाला अर्धा. शेरा सगळीकडे एकच आहे. 'उत्तर चूक. निरीक्षण बरोबर.'"

साहेबांनी चष्मा काढला. या खेपेला पुसायला बराच वेळ लागला. मग हातात राहिलेला हार त्यांनी रानड्यांना घातला, उरलेल्या तिघांनाही घातले, आणि अभिप्राय-वहीत उभ्या उभ्या लिहिलं : 'दालनात सहा थोर व्यक्तींची अधिकृत छायाचित्रे आठ दिवसांत लावावीत.'

"आणि साहेब, ही?" सुजीतने सहा चौकटींकडे बोट केलं. "ही काढू?"

साहेबांनी आपलं लिहिलेलं पुन्हा वाचलं. "काढा, असं मी कुठे लिहिलंय?" ते म्हणाले, आणि बाहेर पोह्यांकडे गेले.

गर्दी पांगली. उन्नती वही छातीशी धरून दालनाच्या पायरीवर बसली. सायकलवर वाकलेला, चेन बसवून पायजम्याला हात पुसणारा एक माणूस तिला दिसत होता. डोक्यावर पागोटं नव्हतं, गालात कापूस नव्हता, एक दात पडलेला होता. तो वर बघत नव्हता, पण त्याची गरज नव्हती. तिने मनातल्या मनात शिक्का मारला.

आत खुडबुड ऐकू आली. वळून बघते तो गोदूआते स्टुलावर चढून सातवी चौकट खिळ्यावरून उतरवत होती आणि भावेश घाबरून खालून तिचे पाय धरून उभा होता.

"आते, ते कशाला घेतेस? ते कुणाचंच नाही," उन्नती म्हणाली.

"कुनाचं कसं नाय? वरती भाव, खाली मी." आते चौकट पदराने पुसत खाली उतरली. "ऐंशी वरसं एका आयच्या पोटचं आमी दोगं, पन एका फोटूत कवा नव्हतो. आता हाव. एडवनला घेऊन जाते."

टेबलावरच्या परातीत एक हार उरला होता. तो उचलून उन्नती चौकटीला घालायला गेली.

आते झटक्यात मागे सरली.

"हार नको गं घालू!" ती म्हणाली. "अर्दी मी हाय, आनि मी अजून जित्ती हाय."